‘कायद्याखाली’ या एका शब्दाबद्दल: नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नाना, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्रीच वाचली होती, पण उत्तर लिहायला बुधवार उजाडला. मधले दोन दिवस इथे इंग्लंडमधल्या आमच्या औषधाच्या दुकानात फ्लूच्या लशींची झुंबड होती, हे एक कारण. दुसरं खरं कारण असं की तुमचा पहिला मुद्दा बरोबर निघाला, आणि चूक कबूल करायचीच तर कायदा पुन्हा वाचून करावी असं वाटलं.

मागचा लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची, मूळ तत्त्वं बदलताना ‘संसदेला कुणी विचारतच नाही’. त्यावर नानांनी तीन गोष्टी सुनावल्या. एक, हे साफ खोटं आहे. २००९ च्या हेल्थ अ‍ॅक्टनुसार तत्त्वं बदलायची तर नियम काढून ते संसदेच्या पटलावर ठेवावे लागतात. दोन, मंत्र्यामागे बहुमत असतं आणि बहुमत लोकांनी दिलेलं असतं, तेव्हा ‘निवडणूक हीच देखरेख, बाकी वकिली’. तीन, परक्याच्या घरातली कोळिष्टकं मोजण्यापेक्षा महाराष्ट्राकडे बघा, इथे २०२३ मध्ये सरकारनं एका निर्णयात सरकारी दवाखान्यांतले उपचार मोफत करून टाकले.

पहिल्या मुद्द्यावर मी हरले. एनएचएसची एक सनद आहे, जानेवारी २००९ मध्ये निघालेली. (इथे तिला कॉन्स्टिट्यूशन म्हणतात, पण संविधान म्हटलं तर आपल्याकडे भलताच गैरसमज होईल.) तिच्यात सात तत्त्वं आहेत. सेवा सर्वांसाठी असेल, ती गरज बघून मिळेल, खिसा बघून नाही, वगैरे. दर दहा वर्षांत एकदा तरी सनदेचा आढावा घ्यायचा, आणि त्या सात तत्त्वांना हात लावायचा तर सरकारला रीतसर नियम काढावे लागतात. २०१३ मध्ये तसे नियम निघालेही होते. तेव्हा ‘कुणी विचारतच नाही’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. तावातावात लिहिलं गेलं.

पण नाना, तुमची उभी नोकरी मंत्रालयात गेली. ‘पटलावर ठेवणे’ म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायची गरज आहे का?

इथली रीत सांगते, तुमच्या रीतीशी ताडून पाहा. बहुतेक नियमांवर मंत्री आधी सही करतो, मग कागद पटलावर जातो. चाळीस दिवसांत कुठल्याही सभागृहानं ‘रद्द करा’ असा ठराव केला नाही, तर नियम कायम. मुळात तो ठराव चर्चेला यायलाच वेळ मिळायला हवा, आणि कॉमन्समध्ये, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहात, वेळ वाटून देणार सरकारच. अशा ठरावाला इथे ‘प्रार्थना’ म्हणतात. मी थट्टा करत नाही, तोच शब्द आहे. दुरुस्ती सुचवायची सोय नाही. स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही, घ्या नाहीतर सोडा. कॉमन्सनं अशी प्रार्थना ऐकून नियम उडवून लावल्याची शेवटची घटना ऑक्टोबर १९७९ मधली आहे. विषय होता रॉकेलचे कमाल दर. आपल्याकडे रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटेल. त्यानंतर या वाटेनं आलेला एकही नियम कॉमन्सनं परत पाठवलेला नाही.

काही नियमांना आधी होकार लागतो, ते जरा वरच्या दर्जाचे. पण त्यांचीही चर्चा बहुधा सतरा-अठरा खासदारांच्या समितीत, जास्तीत जास्त दीड तास. मुलाच्या शाळेतली पालकसभा याहून लांबते.

म्हणजे संसदेला विचारतात. पण कसं? आपल्याकडे लग्न ठरवून, हॉल बुक करून, पत्रिका छापायला टाकल्यावर थोरल्या काकांना ‘तुमचं मत काय’ म्हणून विचारतात, तसं.

माझ्या लेखात खरा जो मुद्दा मांडायला हवा होता, तो मी आरडाओरड्यात घालवला. सात तत्त्वांच्या मजकुराला सहसा कुणी हात लावत नाही. लावायची गरजच पडत नाही. मूळ तत्त्व वाकतं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण कायद्यातल्या एका शब्दात आहे.

१९४६ च्या मूळ कायद्याचं पहिलंच कलम बघा. सेवा मोफत असेल, अपवाद फक्त तिथे, जिथे ‘या कायद्यातली’ एखादी तरतूद पैसे घ्यायला स्पष्ट परवानगी देते. या कायद्यातली. म्हणजे शुल्क लावायचं असेल तर ह्याच कागदावर, सगळ्यांदेखत लिहा. आता १९७७ चा कायदा उघडा. तिथे अपवाद असा आहे: कोणत्याही कायद्याने, मग तो केव्हाही झालेला असो, किंवा त्या कायद्याखाली. मोफतचं वचन जागच्या जागी आहे, अपवादाची चौकट मात्र भिंतीएवढी झाली. आणि ‘खाली’ हा शब्द तुम्हाला चांगलाच माहीत आहे. नियम, अधिसूचना, आदेश हे सगळं कायद्याच्या खालीच राहतं. आज चालू असलेल्या २००६ च्या कायद्यातही तो शब्द आहे.

आता मी रोज जिथे उभी असते तिथलं सांगते.

मी रेडिंगजवळच्या एका औषधाच्या दुकानात काम करते, बारा वर्षं झाली. डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे हिरवा कागद. आता बहुतेक चिठ्ठ्या संगणकावरून येतात, पण छापील कागदाच्या मागची बाजू तीच आहे. मागे चौकटींची यादी. साठच्या पुढचे, सोळाच्या आतले, गरोदर बाई, अमुक भत्ता मिळणारे, अमुक आजाराचं कार्ड असलेले. यांतल्या एका चौकटीवर खूण करून सही केली की औषध फुकट. खूण नसेल तर २०२४ पासूनचा दर एका औषधाला ९ पौंड ९० पेन्स. चिठ्ठीला नाही, औषधाला. तीन औषधं असतील तर २९ पौंड ७०. हा ‘औषधागणिक’ हिशेब मुळात नव्हता. १९५२ मध्ये सुरू झालेला एक शिलिंग होता पूर्ण चिठ्ठीला. १९५६ च्या डिसेंबरात तो प्रत्येक औषधाला झाला.

काउंटरवर महिन्यातून दोन-चार वेळा तरी एखादं माणूस आवाज खाली आणून विचारतं, ‘यातलं कुठलं सोडलं तर चालेल?’ परवा विचारणारी पस्तिशीची होती, दम्याची. तीन औषधं: दोन पंप आणि एक गोळी. मी तिला तीन महिन्यांच्या आगाऊ पासाबद्दल सांगितलं, ती म्हणाली आज तेवढेही नाहीत, आणि एक पंप घेऊन गेली. तिच्या मागे रांगेत मधुमेहाचे एक गृहस्थ होते, गोळ्या घेणारे. त्यांच्याकडे कार्ड. त्यांची पाच औषधं फुकट, मधुमेहाशी संबंध नसलेलीसुद्धा.

दम्याला पैसे आणि मधुमेहाला फुकट, याचं वैद्यकीय कारण विचाराल तर मला सांगता येणार नाही. यादी १९६८ ची आहे. तेव्हापासून तिच्यात मोठी म्हणावी अशी एकच भर पडली, २००९ मध्ये कर्करोगाची. बाकी यादी तशीच चिठ्ठीमागून चिठ्ठीवर छापली जाते. गरज बघून सेवा, खिसा बघून नाही, असं दुसरं तत्त्व सांगतं. त्या तत्त्वात एका अक्षराचा फरक न करता माझ्या काउंटरवर खिसा बघितला जातो, आणि तो कुणाचा बघायचा हे सत्तावन्न वर्षांहून जुनी एक यादी ठरवते.

हे कुठून आलं ते पाहिलंत तर माझं म्हणणं पटेल. औषधावर शुल्क लावायचा अधिकार १९४९ च्या दुरुस्ती कायद्यात घातला तो पंतप्रधान अ‍ॅटली यांच्या मजूर सरकारनं, आरोग्यमंत्री खुद्द अ‍ॅन्युरिन बेव्हन असताना. एनएचएसचा जनक तो! अधिकार घेऊन ठेवला, वापरला नाही. भिंतीत खुंटी ठोकली आणि रिकामी ठेवली. १९५१ मध्ये सरकार गेलं, चर्चिल आले, आणि १९५२ च्या जूनमध्ये त्या खुंटीला एक शिलिंग लटकला. १९६५ मध्ये मजूर सरकारनं शुल्क काढून टाकलं. १९६८ मध्ये मजूर सरकारनंच परत आणलं, अडीच शिलिंग. काढलं ते नियमानं, आणलं तेही नियमानं. खुंटी हलली नाही.

त्याच १९४९ च्या कायद्यात दुसरीही एक खुंटी होती: देशाबाहेरून आलेल्यांकडून पैसे घेण्याचा अधिकार. ही तर तेहतीस वर्षं रिकामी राहिली. १९८२ मध्ये तिच्यावर नियम आले. माझी आई २०१९ च्या जानेवारीत साताऱ्याहून आली होती, पायरीवर घसरून मनगट मोडलं. इमर्जन्सीत एक्स-रे, प्लॅस्टर, सगळं फुकट. आई खूश, फोनवर मावशीला कौतुक सांगून झालं. मग डॉक्टर म्हणाले प्लेट बसवावी लागेल, दाखल व्हा. तासाभरात एक बाई फॉर्म घेऊन आल्या, अतिशय नम्र, पासपोर्ट मागितला आणि सांगितलं की व्हिजिटरला नेहमीच्या दराच्या दीडपट. आई मला मराठीत म्हणाली, ‘अगं, इथे सगळं फुकट ना?’ प्रवासाचा विमा होता म्हणून निभावलं. माझी तक्रार नाही. पाहुण्याकडून पैसे घेऊ नयेत असंही मी म्हणत नाही. मला नवल याचं वाटतं की ज्या खासदारांनी १९४९ मध्ये त्या अधिकाराला हात वर केला, त्यांतल्या किती जणांनी दीडपट बिलाची कल्पना केली असेल?

इथे तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते. निवडणूक हीच देखरेख. नाना, खुंटी ठोकणारा एक आणि तिच्यावर कोट टांगणारा दुसरा, मध्ये निवडणुका होऊन गेलेल्या. मतदारानं जाब विचारायचा कुणाला? ठोकणारा म्हणतो, मी कुठे वापरली? टांगणारा म्हणतो, अधिकार तर आधीपासून आहे.

याच्या उलट १९५१ घ्या. कवळ्या आणि चष्म्यांवर पैसे लावायचे ठरले तेव्हा वेगळा कायदा आणावा लागला. बजेटमध्ये घोषणा, सभागृहात रीतसर विधेयक, आणि बेव्हन यांनी एप्रिलमध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या पाठोपाठ हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन या सरकारमधल्या सहकाऱ्यांनीही. कायदा तरीही झाला. कवळीला पैसे पडलेच. पण कोणी लावले, का लावले, कोण विरोधात गेलं, हे आज पंचाहत्तर वर्षांनी मी तुम्हाला नावानिशी सांगू शकते. याला मी देखरेख म्हणते. हरलात तरी कोण कुठे उभं होतं ते दिसलं पाहिजे.

आता माझ्याच विरुद्ध जाणारं एक उदाहरण, कारण ते लपवलं तर तुम्ही पुढच्या प्रतिक्रियेत काढणारच. २०१२ चा, तेव्हाचे आरोग्यमंत्री लॅन्स्ली यांचा कायदा. त्याच्या पंचाहत्तराव्या कलमाखाली, सेवा विकत घेताना खासगी कंपन्यांशी स्पर्धा कशी ठेवायची याचे नियम २०१३ च्या फेब्रुवारीत पटलावर आले. डॉक्टरांच्या संघटना, खासदार, लॉर्ड्स (संसदेचं वरचं सभागृह) सगळे इतके उसळले की सरकारनं मार्चमध्ये ते मागे घेऊन सुधारून आणले. म्हणजे पटलावरचा कागद कधीतरी उघडला जातो, हे खरं. पण सुधारलेले नियम १ एप्रिलला लागू झाले, आणि लॉर्ड्समध्ये रद्द करण्याचा ठराव चर्चेला आला तो एप्रिलच्या चोविसाव्या दिवशी. पडला. ते कलमच पुढे २०२२ च्या कायद्यानं गेलं. कायद्यानं, बरं का.

त्याच २०१२ च्या विधेयकात आणखी एक गोष्ट घडली, जी मला फार महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल इथले लोकही बोलत नाहीत. १९४६ पासून आरोग्यमंत्र्यावर सेवा ‘पुरवण्याची किंवा पुरवली जाईल असं बघण्याची’ जबाबदारी होती. विधेयकात त्यातलं पुरवणं गळालं, बघणं तेवढं राहिलं. लॉर्ड्सच्या घटनाविषयक समितीनं हे पकडलं आणि विचारलं, मग सेवा कोलमडली तर संसदेला उत्तर कोण देणार? बरंच घासाघीस होऊन शेवटी कायद्यात एक वाक्य आलं: इंग्लंडमधल्या आरोग्यसेवेबद्दल संसदेला उत्तर देण्याची जबाबदारी मंत्र्याकडेच राहील. एवढंच. पुरवण्याचं कर्तव्य परत आलं नाही, पण मंत्र्याला ‘ते माझ्या अखत्यारीत नाही’ म्हणायची पळवाट बुजली. २०२५ च्या मार्चमध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी एनएचएस इंग्लंड ही मधली संस्था बंद करून कारभार मंत्रालयात आणायचं जाहीर केलं, तेव्हा मला त्या वाक्याची आठवण झाली. समितीत बसून एखादं वाक्य ओळ-ओळ वाचणं म्हणजे ‘वकिली’ असेल, तर मला ती वकिली हवी आहे.

अजून एक, आपल्या लोकांना लागणारं. इथे कामाच्या व्हिसावर येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांना व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता. २०१९ मध्ये ४००, २०२० मध्ये ६२४, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून १,०३५, मुलांना ७७६. नवरा, बायको, दोन मुलं, पाच वर्षांचा व्हिसा: १८,११० पौंड, एकरकमी, विमानात बसायच्या आधी. वर ते पगारातून कर भरणार तो वेगळाच. हा अधिभार मोफतच्या तत्त्वाला अपवाद आहे का? कागदावर नाही! तो आरोग्याच्या कायद्यात नाहीच, २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याखालच्या आदेशानं येतो. सनदेचा आढावा घेणाऱ्यांच्या टेबलावर तो कागद येणारच नाही. पुन्हा तोच ‘खाली’.

आणि काही बदलांना तर नियमही लागत नाही. सनदेत लिहिलंय की रुग्णाला अठरा आठवड्यांत उपचार सुरू होण्याचा हक्क आहे. किती रुग्णांच्या बाबतीत ही मुदत पाळायची याचं ठरलेलं प्रमाण सुमारे दहा वर्षांत एकदाही गाठलेलं नाही. दाताचे सरकारी डॉक्टर मिळत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलला नवे रुग्ण घेणाऱ्या एका दवाखान्याबाहेर इतकी रांग लागली की पोलीस आले. यातलं काहीच कुठल्या नियमानं झालं नाही. याच्यावर संसदेनं कसा लगाम घालायचा हा वेगळा लेख होईल, इथे थांबते.

राहिला महाराष्ट्र. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, याचा मला आनंदच आहे. केसपेपरचे पैसे सुटे नाहीत म्हणून परत फिरलेली माणसं मी लहानपणी साताऱ्यात पाहिली आहेत. पण नाना, ते झालं कशानं? मंत्रिमंडळाचा निर्णय आणि शासन निर्णय. कायदा नाही. विधानसभेत त्यावर कुणी हात वर केला नाही, त्यामुळे उद्या दुसऱ्या शासन निर्णयानं ते गेलं तरी कुणाला हात वर करावा लागणार नाही. तुम्ही याला साधेपणा म्हणता. मला ती भिंतच नसलेली खुंटी वाटते. इंग्लंडमध्ये निदान ‘मोफत असेल’ हे शब्द कायद्यात आहेत; वेल्सनं २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडनं २०१० मध्ये आणि स्कॉटलंडनं २०११ मध्ये औषधांचं शुल्क काढून टाकलं, तेव्हा परत जायला ते शब्द तिथे होते.

मला नेमकं काय हवं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. फार नाही. ‘किंवा त्याखाली’ हे शब्द त्या कलमातून जावेत. नवीन शुल्क लावायचं तर विधेयक आणा, दुसरं वाचन, तिसरं वाचन, सगळं होऊ द्या, कवळ्यांसाठी झालं होतं तसं. दर वाढवायचा किरकोळ अधिकार मंत्र्याकडे राहू दे, प्रत्येक दहा पेन्ससाठी सभागृह बसवा असं कुणीच म्हणत नाही. आणि ती १९६८ ची यादी एकदा सभागृहात वाचावी, मोठ्यानं.

मूळ लेखातलं चुकीचं वाक्य खोडलंय, तसंच दिसू दिलंय, आणि शेजारी तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय. आता माझा एक प्रश्न. तुम्ही मंत्रालयात असताना जे कागद पटलावर ठेवायला पाठवलेत, त्यांतले किती कुणी उघडून पाहिले? खरं सांगा हं.